एका रहाटाची विहीर

तालुका बोर्डाच्या सभासदाला पगार नसतो, पट्टा नसतो, हाताखाली शिपाई नसतो. तरीही रस्त्यातला खड्डा, शाळेचं गळकं छप्पर, कोंडवाड्यात उपाशी राहिलेला बैल आणि आटलेली विहीर, या सगळ्यांचा जाब लोक त्यालाच विचारतात. हे काम मी पुष्कळ वर्षं केलं. शेवटी शेवटी ठाण्याला जिल्हा बोर्डातही जाऊन बसलो. घाटावरचा एक कुणबी खाली येऊन पुढारी कसा झाला, असं मला अजून विचारतात. माझ्या हातून झालेले रस्ते आणि शाळा मोजून दाखवाव्यात असं त्यांना वाटत असावं. मला मात्र दर वेळी एका विहिरीची आणि मी पडलो त्या निवडणुकीची आठवण येते, म्हणून तीच सांगतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यातल्या माणसांची नातवंडं आज माझ्या ओटीवर येऊन बसतात.

माझं मूळ गाव जुन्नरच्या बाजूला. लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला, तेव्हा बायको सगुणा, दोन बैल आणि एक नांगर घेऊन मी नाणेघाट उतरलो. कल्याणच्या पुढं, शिळेच्या डोंगराच्या पायथ्याला खाडीकाठी एक आगरी गाव होतं. तिथली पडीक खार जमीन कुणी कसायला घेत नव्हतं, ती मी घेतली. खार जमीन म्हणजे खाडीचं पाणी बांध घालून बाहेर रोखायचं आणि आत भात पिकवायचं. मला बाजरी ठाऊक. भात मी आयुष्यात सणालाच पाहिलेला. पहिल्या मृगात मी रानात उभा राहून मुठीनं भात फेकू लागलो, तेव्हा शेजारच्या बांधावर एक म्हातारा पोट धरून हसायला लागला.

"अरं घाट्या, भात पेरतंस का कोंबऱ्यांना दाना टाकतंस?"

हा चांगो. गावात त्याच्या शब्दाला मान होता. हसून झाल्यावर तो खाली उतरला, माझ्या हातातली टोपली घेतली आणि रोपाच्या जागेवर पाला पसरून राब कसा भाजायचा, रोप कसं काढायचं, बांधाला भोक पडलं तर कोणत्या मातीनं बुजवायचं, हे त्यानं मला दोन वर्षं शिकवलं. त्याची बायको अंबूबाय सगुणेला सुकी मासळी निवडायला शिकवी. आम्ही माळकरी घरातले, पण घाट उतरल्यावर सगुणेची माळ कधी पेटीत गेली ते मी विचारलं नाही.

माझ्याजवळ अशी एकच गोष्ट होती, जी गावात दुसऱ्या कुणाजवळ नव्हती. मला मोडी आणि बाळबोध लिहिता-वाचता येई. हळूहळू सगळ्या गावाचे अर्ज माझ्या ओटीवर लिहिले जाऊ लागले. कल्याणच्या कचेरीत कोणत्या टेबलापाशी उभं राहायचं, कोणत्या कारकुनाला जेवणाआधी गाठायचं आणि कोणत्याला जेवणानंतर, हे मला कळू लागलं. पुढारीपणाची सुरुवात माझ्या माहितीप्रमाणं अशीच होते. भाषण नंतर येतं, आधी रांगेत उभं राहणं येतं.

मग सरकारनं लोकल बोर्डं काढली आणि खेड्यांच्या गटातून एक सभासद लोकांनीच निवडायचा असं ठरलं. लोकांनी म्हणजे सारा भरणाऱ्या खातेदारांनी. आमच्या गटातून कल्याणचे एक वकील उभे राहिले. आसपास त्यांची बरीच जमीन होती, शिकलेले, सभ्य गृहस्थ. त्यांच्यासमोर कुणाला उभं करावं यावर चावडीवर गावोगावचे लोक जमले. हा म्हणाला माझा चुलता, तो म्हणाला माझा साडू. संध्याकाळपर्यंत नुसती भांडणं. शेवटी चांगो उठला.

"आपलेतला कोनपन निवरला तं तो पयला आपले भावकीचा रस्ता करंल. या सकारामला हितं भावकीच नाय. ना चुलता ना साडू. याला निवरा."

अशा रीतीनं, नात्यागोत्याचं कुणी नाही एवढ्या एका गुणावर मी निवडून आलो. वकील स्वतः येऊन मला भेटले. म्हणाले, "सखारामराव, लोकांनी मला नाकारलं याचं वाईट वाटत नाही. पण ज्याला भाताचं रोप ओळखता येत नव्हतं त्याला निवडलं, याची मौज वाटते." त्यात खोच होती, पण डोळे हसत होते. मला ते तेव्हाच आवडले.

बोर्डाच्या पहिल्या बैठकीला मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. प्रांतसाहेब इंग्रज, मराठी तुटक पण समजेल असं बोलत. मामलेदार, दोन इनामदार, काही व्यापारी आणि मी. तिसऱ्या बैठकीला मी तोंड उघडलं आणि आमच्या गटाला पिण्याच्या पाण्याची एक विहीर मागितली. खाडीकाठच्या गावात होळीनंतर पाण्याचे हाल असत. बायका दोन-दोन हंडे घेऊन डोंगराच्या पलीकडच्या झऱ्यावर जात आणि दुपारी परतत. विहीर मंजूर झाली. गावात त्या दिवशी मला खांद्यावर घ्यायचंच तेवढं बाकी राहिलं.

ओव्हरसीयर तट्टावर बसून आला आणि चावडीसमोर खुंटी मारून गेला. जागा दिसायला छान होती. गाडी थेट येई, रस्त्यावरून चौथरा दिसला असता. पण मी जुन्नरचा. आमच्याकडं मूल चालायला लागायच्या आधी विहिरीच्या काठावरून मोटेचे बैल हाकायला शिकतं. चावडीजवळची माती काळी, चिकट, आणि भरतीच्या वेळी खाडी तिथून हाकेवर. मी चांगोला म्हणालो, "आधी एक खड्डा मारून बघू." दोन पुरुष खोल गेल्यावर पाणी लागलं. चांगोनं ओंजळीत घेऊन तोंडात घातलं आणि लगेच थुंकला.

"ये पान्यात मीठ घालाची गरज नाय."

मग मी चैत्रातल्या उन्हात डोंगराचा पायथा हिंडलो. कुठं उंबर हिरवं राहिलंय, कुठं वारूळ आहे, कुठं पहाटे माती ओली दिसते, हे बघत. चार दिवसांनी जागा सापडली. मुरूम, त्याखाली कातळ, आणि कातळाच्या फटीतून झिरपणारं पाणी. जागा महारवाड्याच्या मागं, अगदी त्यांच्या परड्याला लागून होती. तिथल्या लोकांनी हातानं एक खळगा करून ठेवला होता आणि त्यावर फांद्यांचं झाकण होतं.

झाकण काढून मी वाकलो, तोच मागून आवाज आला. "रामराम, मेंबरसाहेब."

धोंडनाक हवालदार उभा होता. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला, ताठ, पांढऱ्या मिशा, अंगात निम्मी बटणं गेलेला जुना कोट. तो रिवाजाप्रमाणं जोहार न घालता रामराम करी, ते गावाला खुपत असे.

"हे पाणी वैशाखात टिकतं?" मी विचारलं.

"मी घरी आलो त्या सालापासून आटलेलं पाहिलं नाही."

"गोड आहे?"

"आम्हाला गोड लागतं. तुम्हाला कसं लागेल ते मी कसं सांगू? बसा. बघा."

तिथं काय झालं ते मी खरं सांगतो, कारण पुढं लोकांनी ते वाढवून सांगितलं. मी शूर वगैरे नव्हतो. गुडघे टेकून बसलो आणि बराच वेळ मनात पळवाट शोधत राहिलो. हे कुणाच्या घागरीतलं नाही, जमिनीतलं आहे. जमीन सरकारची आहे. मी मेंबर म्हणून तपासतोय, सखाराम म्हणून नाही. असं स्वतःला समजावून मी ओंजळ भरली आणि प्यालो. थंडगार, गोड पाणी होतं. दुसरी ओंजळ मी तहानेपोटी प्यालो. तिच्यासाठी पळवाट लागली नाही.

बैठकीत मी जागा बदलायची मागणी केली. चावडीजवळ खारं पाणी, पायथ्याशी गोडं. मामलेदारांनी नकाशा पाहिला आणि चष्मा काढला. "ही जागा महारवाड्याची. पाणी गोडं आहे हे कशावरून?"

"मी प्यालो."

एका इनामदारानं आपली खुर्ची थोडी सरकवली. वारा यावा म्हणून सरकवली असेल, मला माहीत नाही. प्रांतसाहेबांना यातलं काही कळेना. ते म्हणाले, "पाणी तिथे आहे, तर तिथे खोदा. प्रश्न काय आहे?"

प्रश्न काय आहे तो मामलेदारांनी त्यांना हळू आवाजात सांगितला आणि लगेच तोडही सुचवली. विहीर एकच बांधावी, तिच्यावर रहाट दोन बसवावेत. डोंगराच्या बाजूचा महारवाड्यानं वापरायचा, रस्त्याच्या बाजूचा गावानं. मधे हातभर उंचीची भिंत. मी तात्काळ हो म्हणालो. इतक्या घाईनं हो म्हणालो, की त्याची लाज मला आजही वाटते. विहीर हातची जाईल ही भीती खरी होती, पण तेवढंच कारण नव्हतं. मला गावात परत तोंड दाखवायचं होतं.

ठराव सांगायला मी धोंडनाककडं गेलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे विहीर आमच्या दारात, आणि बाजू तुम्ही ठरवणार."

मी म्हणालो, "सध्या एवढंच जमतंय, हवालदार."

"ठीक आहे," तो म्हणाला. "खोदायला माणसं लागतील. आमच्याकडची सहा येतील."

वडारांनी कातळ फोडला. मी रोज खाली उतरत होतो, कारण कातळाची शीर कुठं फोडायची हे मला कळत होतं आणि त्या कामात मला माझं गाव आठवत होतं. एके दिवशी सुरुंगानंतर खाली उतरलो तर घोट्यापर्यंत पाणी. वर सगुणेनं हळदकुंकू वाहिलं. महारवाड्यातल्या बायकांनी त्यांच्या बाजूनं वाहिलं. दोन्ही बाजूंचं कुंकू त्याच पाण्यावर तरंगत होतं.

गावातलं कुणी पहिले पंधरा दिवस फिरकलं नाही. चावडीवर माझ्या नावानं बरंच बोललं गेलं. सगुणेला हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. तिनं मला फक्त एकदा विचारलं, "आणखी कुठं उतरायचं झालं तर आता घाट उरलाय का?" मी हसलो, पण त्या बोलण्यानं मला रात्रभर झोप आली नाही.

कोंडी फोडली ती अंबूबायनं. तिची सून गरोदर होती आणि डोंगरापलीकडं जाऊन पाणी आणणं तिला झेपत नव्हतं. एका सकाळी अंबूबाय दोन हंडे घेऊन सरळ नव्या विहिरीवर गेली. चांगो वाटेत आडवा आला.

"खय चाललीस? तो पानी कोनाच्या वारीतला हाय, ठावं हाय ना?"

"पान्याला जात नाय, वजन हाय," ती म्हणाली. "एक दिस डोक्यावर घेऊन बग, मंग कलंल."

आठवडाभरात गावच्या रहाटावर बायकांची रांग लागली. पुरुषांनी मग असं धरलं, की रहाट वेगळा आहे तेव्हा काही बिघडत नाही. सगळ्यांचीच सोय झाली.

दुसऱ्या वैशाखात गावच्या बाजूच्या रहाटाचं आडवं लाकूड मधोमध चिरलं आणि मोडलं. बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहिल्या. पलीकडं धोंडनाकची सून पाणी ओढत होती. तिनं आपली घागर भरून उचलली आणि दोर सोडून बाजूला झाली. अंबूबाय भिंतीला वळसा घालून गेली आणि तोच दोर धरला. तिच्यामागं दुसरी गेली, मग तिसरी. मी हे पाहिलेलं नाही. सगुणा त्या रांगेत पाचवी होती, तिनं सांगितलं.

दोन दिवसांनी गावकऱ्यांनी रहाट दुरुस्तीचा अर्ज कल्याणहून लिहून आणून माझ्याकडं दिला. विहीर बोर्डाची, म्हणून लाकूड बोर्डानंच बसवायचं; तसं साधं काम होतं. पुढच्या बैठकीत ठेवला असता तर महिन्यात नवं लाकूड बसलं असतं. मी अर्ज घेतला, वाचला आणि पत्र्याच्या पेटीत टाकला. बैठक झाली, मी तो काढला नाही. दुसरी बैठक झाली. लोक विचारीत, मी म्हणे, "विचार चालू आहे." सभासदानं असं करणं गैर आहे. लोकांनी दिलेला कागद दाबून ठेवायचा त्याला अधिकार नाही. हे मला माहीत होतं, आणि दर बैठकीला कल्याणला जाताना मी ती पेटी घरीच ठेवून जात होतो.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. एकमेकींच्या घागरीला हात लावला जात नव्हता. गावच्या बायका आल्या की महारवाड्यातल्या बायकांना थांबावं लागे, उलट कधी होत नसे. पण दोर एक होता, आणि एका दोरावर पाणी ओढायचं म्हणजे बोलावं लागतं. जरा थांब, झालं का, पोर कसं आहे. अंबूबायच्या सुनेला दुसऱ्या खेपेला मुलगी झाली हे चांगोच्या आधी धोंडनाकच्या सुनेला कळलं.

निवडणूक जवळ आली. वकील पुन्हा उभे राहिले. चांगो माझ्या ओटीवर येऊन बसला.

"सकाराम, तो रहाट तू मुद्दाम करत नाय ना?"

"मुद्दाम."

"गाव बोलतंय, आठ दिसांत अर्ज कल्यानला गेला तं मत तुना. नाय तं वकिलाला."

"आणि तू?"

त्यानं मान खाली घातली. "मना गावातच रावाचं हाय."

त्या आठ दिवसांत मी पेटी दोनदा उघडली. एकदा तर अर्ज खिशात घालून स्टेशनापर्यंत गेलो. खाडीकाठचे रस्ते, दोन शाळांची छपरं, बरीच कामं अर्धवट होती, आणि ती माझ्याखेरीज कुणी पुरी करणार नाही अशी माझी खात्री होती. प्रत्येक पुढाऱ्याची असते. गाडी आली आणि गेली. मी परत आलो.

तेव्हा मत गुप्त नव्हतं. कारकुनासमोर उभं राहून नाव मोठ्यानं सांगायचं. चांगो पुढं गेला, माझ्याकडं न बघता त्यानं वकिलांचं नाव घेतलं. मी पडलो. चांगला पडलो. चांगो घरी गेल्यावर अंबूबायनं त्याला भाकर वाढली, पाणी दिलं नाही. म्हणाली, "पानी वकिलाकरशी आन."

दुसऱ्या दिवशी मी पेटी घेऊन वकिलांच्या घरी गेलो आणि उरलेले सगळे कागद त्यांच्या हवाली केले. तो अर्ज वेगळा काढून दाखवला आणि काय केलं ते सांगितलं.

"म्हणजे आपण तो दाबून ठेवलात?"

"हो."

"गैर केलंत."

"हो."

त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "उद्या सकाळी जागा दाखवा."

सकाळी छत्री घेऊन ते आले. बातमी पसरली होती, त्यामुळं गावातले पुरुषही मागोमाग आले. चांगोही होता. आता नव्या मेंबरांच्या हातून लाकूड बसणार म्हणून सगळे खुशीत होते. विहिरीवर नेहमीसारखी गर्दी होती. वकील दूर, उंबराखाली उभे राहिले. अंबूबायची सून दोर ओढत होती आणि धोंडनाकची सून तिची तान्ही पोर कडेवर घेऊन उभी होती. हात दोनच, पोर कुठं ठेवणार? पुरुषांच्या पुढं हे प्रथमच आलं. कुणी तरी मागं खाकरलं. अंबूबायनं वळून अशी नजर टाकली, की ते खाकरणं तिथंच थांबलं.

वकील खूप वेळ बघत होते. मग त्यांनी खिशातून शिसपेन्सील काढली, अर्ज छत्रीच्या पाठीवर धरला आणि काही लिहिलं.

"काय लिवलं?" अंबूबायनं विचारलं.

त्यांनी कागद माझ्याकडं दिला. मी मोठ्यानं वाचला. "जागा समक्ष पाहिली. विहीर चालू आहे. दुरुस्तीची जरूर दिसत नाही."

पुरुष एकमेकांकडं बघू लागले. आता कुणाला निवडावं हा प्रश्न त्यांना पडला असावा. अंबूबायनं घागरीतलं पाणी पुढं केलं. वकील तेवढे पुढं गेले नाहीत, पाणी प्यायले नाहीत. पण त्यांनी ओंजळ पुढं केली, तीत पाणी घेतलं आणि डोळ्यांना लावलं.

धोंडनाक इतका वेळ आपल्या दारात उभा होता. तो पुढं आला. "रामराम. दुरुस्ती नाही, तर ही मोडकी लाकडं मी नेऊ का, मेंबरसाहेब? पावसाच्या आत आमच्या छपराला आडवं लागतंय."

"न्या," वकील म्हणाले.

धोंडनाकनं मोडक्या रहाटाच्या सगळ्यात लांब लाकडाचं एक टोक उचललं. सागाचं, जड होतं ते. एका माणसानं पेलणारं नव्हतं. तो एक पाऊल चालला आणि लाकूड तिरकं होऊन जमिनीला टेकलं. मग चांगो गर्दीतून बाहेर आला, धोतर वर खोचलं आणि दुसरं टोक खांद्यावर घेतलं.

"चल रं हवालदार," तो म्हणाला, "कवा पोचाचं?"